जर्मनीत शिकायला जाताना : दरमहाचा खर्च आणि पहिल्या नव्वद दिवसांची रोकड

एल्बेकाठ | ११ जानेवारी २०२६

नमस्कार. मी ड्रेस्डेनमध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या अखेरच्या टप्प्यात आहे. सप्टेंबर २०२३च्या शेवटी इथे उतरलो त्या दिवसापासून प्रत्येक खर्च मी दोनशे पानी वहीत लिहीत आलो आहे. गेल्या काही महिन्यांत ओळखीपाळखीच्या सात-आठ कुटुंबांनी मला एकच प्रश्न विचारला, की तिकडे महिन्याला किती लागतात. मी प्रत्येकाला एक आकडा सांगत गेलो. मात्र मागच्या आठवड्यात वही पुन्हा वाचताना लक्षात आले की तो आकडा बरोबर असूनही माझे उत्तर अपुरे होते, आणि म्हणून हा धागा काढत आहे.

आधी पार्श्वभूमी सांगतो. विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये एका वर्षाचे पैसे आगाऊ भरावे लागतात. मी आलो तेव्हा ही रक्कम ११,२०८ युरो होती आणि दरमहा ९३४ युरो मोकळे होत. सप्टेंबर २०२४पासून ती ११,९०४ झाली, म्हणजे महिन्याला ९९२. बहुतेक घरांत हाच आकडा खर्चाचा अंदाज म्हणून धरला जातो. सरकारनेच ठरवलेली रक्कम आहे, तेवढ्यात भागत असणार, असा साधा विचार त्यामागे असतो. ड्रेस्डेनसारख्या शहरात भागतेही. मात्र ते चौथ्या-पाचव्या महिन्यापासून. पहिल्या तीन महिन्यांत पैसा महिन्याच्या हप्त्याने जात नाही, तो एकरकमी जातो, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपलेच पैसे आपल्या हातात नसतात.

माझ्या पहिल्या ऑक्टोबरचे पान जसेच्या तसे देतो. खोली ठरेपर्यंत बारा रात्री हॉस्टेलमध्ये काढल्या, त्याचे ३८४ युरो झाले. खोलीचे भाडे ३३०. अनामत, म्हणजे इथल्या भाषेत काउत्सिओन, ७५०. आरोग्य विमा सव्वाशे. गादी, रजई, दोन भांडी आणि टेबलाचा दिवा मिळून २१०. थंडीचा कोट आणि बूट ९५. खाणेपिणे १९०. एकूण २,०८४ युरो. माझ्या फॉरेक्स कार्डात १,३०० होते आणि ब्लॉक्ड अकाउंटमधले पहिले ९३४ युरो २३ ऑक्टोबरला आले. महिनाअखेरीस माझ्याजवळ १५० युरो उरले होते. घरून निघताना वडिलांनी हजार युरो पुरेत असे म्हटले होते, तर आईने आग्रह धरून त्यात तीनशे वाढवून दिले. ते तीनशे नसते तर अनामत भरण्यासाठी मला अनोळखी वर्गमित्रांकडे हातउसने मागावे लागले असते.

पैसे २३ तारखेपर्यंत का अडकले, तेही समजून घ्यावे. रक्कम मोकळी होण्यासाठी इथले चालू खाते लागते. माझ्या बँकेने ते उघडायला रहिवासी नोंदणीचा कागद मागितला. नोंदणीसाठी, म्हणजे आनमेल्डुंगसाठी, घरमालकाने सही केलेला दाखला लागतो, आणि तो खोली हातात आल्याशिवाय मिळत नाही. खोलीसाठी अनामत लागते. थोडक्यात, अनामत भरायला जे पैसे हवेत ते अनामत भरल्यानंतरच मोकळे होतात. नोंदणी घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते, पण मोठ्या शहरात तिची वेळ मिळायलाच कित्येक दिवस जातात. काही बँका नोंदणीआधी खाते उघडू देतात, त्यांची चौकशी भारतातूनच करून ठेवावी.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे की खर्चाचे दोन वेगळे हिशेब मांडावेत. एक दरमहाचा आणि दुसरा पहिल्या नव्वद दिवसांचा. ब्लॉक्ड अकाउंट सोडून किमान दोन ते अडीच हजार युरो असे हवेत की जे उतरल्या दिवसापासून कार्डाने खर्च करता येतील.

आजचा माझा दरमहाचा खर्च असा आहे. भाडे वीज-हीटिंगसह ३५५, विमा १४४, किराणा आणि मेन्झातले, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीतले, जेवण मिळून १८५, फोन १०, प्रसारण शुल्कातला माझा वाटा ६, विद्यापीठाचे सत्र शुल्क सहा महिन्यांवर विभागून ५३ आणि बाकी किरकोळ ६०. बेरीज ८१३. सत्र शुल्कातच प्रवासाचे तिकीट येत असल्यामुळे रोजच्या जाण्यायेण्याला वेगळा पैसा लागत नाही.

आपापल्या शहरांचे अनुभव लिहावेत, म्हणजे यंदा निघणाऱ्यांना उपयोग होईल.

गोदाकाठ | ११ जानेवारी २०२६

आपला धागा अगदी वेळेवर आला. माझी मुलगी येत्या सप्टेंबरमध्ये जाण्याच्या तयारीत आहे, इथली शैक्षणिक कागदपत्रे तपासून मिळणारे एपीएसचे प्रमाणपत्र हाती आले आहे आणि आता आम्ही पैशांकडे वळलो आहोत. माझे तीन प्रश्न आहेत. अनामत भाड्याच्या किती पट असते? ती परत मिळते का? आणि प्रसारण शुल्क म्हणजे काय? खोलीत टीव्ही नसेल तरी ते भरावे लागते का?

एल्बेकाठ | १२ जानेवारी २०२६

गोदाकाठताई, एकेक करून सांगतो.

भाड्याचे इथे दोन आकडे असतात. काल्टमिट म्हणजे नुसत्या जागेचे भाडे, आणि वार्ममिट म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून येणारे भाडे. जाहिरातीत अनेकदा पहिला आकडा ठळक असतो, आपण मात्र दुसरा विचारायचा. वीज आणि इंटरनेट दुसऱ्या आकड्यातही असतीलच असे नाही, म्हणून तेही विचारून घ्यावे. अनामत कायद्याने काल्टमिटच्या तिपटीपर्यंतच घेता येते, आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. हे मला माहीत नव्हते. माझे काल्टमिट २५० होते आणि मी ७५० युरो एका दमात भरून मोकळा झालो. हप्ते पाडून घेतले असते तर त्या ऑक्टोबरात पाचशे युरो हातात राहिले असते.

अनामत परत मिळते, पण लगेच नाही. पहिली खोली सोडल्यावर माझी रक्कम चार महिन्यांनी आली आणि तीही रंगकामाचे ९० युरो कापून. दरम्यान दुसऱ्या खोलीची अनामत भरावी लागली होती. खोली बदलणार असाल तर एका वेळी दोन अनामती अडकतात, हे गृहीत धरावे.

प्रसारण शुल्क हे सार्वजनिक रेडिओ आणि दूरचित्रवाणीसाठी असते. महिन्याला १८.३६ युरो, आणि ते माणशी नसून घरटी आहे. टीव्ही असो वा नसो, भरावेच लागते. नोंदणी झाल्यावर काही आठवड्यांनी पत्रपेटीत पत्र येते. माझे पत्र मी जाहिरात समजून खिडकीपाशी ठेवून दिले होते. तीन महिन्यांचे ५५.०८ युरो एकदम मागितले जातात, आणि पत्र उशिरा आले तरी आकारणी राहायला आल्या महिन्यापासून होते. तिघे एका घरात असाल तर एकाच्या नावावर घेऊन तिघांत वाटावे. वसतिगृहात मात्र सामाईक व्हरांड्यात उघडणारी स्वतंत्र खोली वेगळे घर धरली जाते, तेव्हा पूर्ण रक्कम एकट्यावर येते.

इझारतीर | १२ जानेवारी २०२६

मी म्युनिकमध्ये आहे आणि एल्बेकाठ यांच्या मूळ मुद्द्याशी पूर्ण सहमत आहे, पण इथल्या आकड्यांनी तो अधिक कडक होतो. माझी खोली तिघींच्या सामाईक घरात आहे, तिचे वार्ममिट ७२० युरो आहे आणि ती मिळाली तेव्हा माझ्या मैत्रिणींनी माझे अभिनंदन केले होते. त्यात विम्याचे १४४ मिळवले की ८६४ होतात. ९९२ मधून जेवण, फोन, कपडे आणि औषधे या सगळ्यांसाठी १२८ उरतात. म्हणजे व्हिसासाठी मान्य असलेली रक्कम या शहरात पुरत नाही. ब्लॉक्ड अकाउंटचा आकडा सबंध देशासाठी एकच आहे, शहरागणिक तो बदलत नाही, हे पालकांना कोणी सांगत नाही.

शुल्काबद्दलही लिहिते. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे वाक्य आता सरसकट खरे राहिलेले नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७-१८च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, आणि श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग ही आपल्या मुलांची आवडती शहरे त्याच राज्यात आहेत. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने २०२४-२५च्या हिवाळी सत्रापासून नव्याने प्रवेश घेणाऱ्या अशाच विद्यार्थ्यांना शुल्क लावले. पदव्युत्तर अभ्यासक्रमांना ते बहुतांशी सत्राला ४,००० किंवा ६,००० युरो आहे. प्रवेश मिळाल्याच्या आनंदात ही ओळ वाचायची राहून जाते. शिष्यवृत्ती किंवा सवलतीचे नियमही त्याच पानावर असतात, ते निघण्यापूर्वी वाचावेत.

लातूरहून_पुढे | १३ जानेवारी २०२६

मी एप्रिलमध्ये उन्हाळी सत्रासाठी निघणार आहे. माझे दोन मित्र सांगतात की आठवड्याला वीस तास काम केले की सगळा खर्च निघतो, त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या पैशांची आत्तापासून चिंता करू नये. किमान वेतन या जानेवारीपासून तासाला १३.९० युरो झाले आहे, त्या हिशेबाने महिन्याला बाराशे युरो होतात. हे गणित चुकीचे आहे का?

एल्बेकाठ | १३ जानेवारी २०२६

गणित चुकीचे नाही. आठवड्याला वीस तास धरले तर महिन्याला सुमारे १,२०० युरो होतात, त्यातून निवृत्तिवेतन विम्याचे जास्तीत जास्त ९.३ टक्के जातात आणि हातात किमान १,०९० च्या आसपास येतात. इतक्या पगारावर आयकर सहसा कापला जात नाही. असे काम मिळून टिकले तर ड्रेस्डेनमध्ये माणूस स्वतःचा खर्च भागवून थोडे शिल्लक टाकू शकतो. मी तसे सलग अकरा महिने केले आहे.

तुम्ही मात्र हे उत्पन्न पहिल्या महिन्यापासून धरत आहात. मला पहिले काम पाचव्या महिन्यात मिळाले. तोपर्यंत मी छप्पन्न अर्ज केले होते, त्यांची यादी वहीच्या मागच्या पानांवर आहे. त्यातल्या बहुतेक ठिकाणी जर्मन बोलता येणे ही पहिली अट होती आणि माझे जर्मन तेव्हा बाजारहाटापुरते होते. मिळालेले काम गोदामात खोकी रचण्याचे होते. फेब्रुवारीत परीक्षा आल्या तेव्हा मी पाळ्या कमी करून घेतल्या, आणि मार्चमध्ये करार पुढे वाढवला गेला नाही. त्यानंतर सात आठवडे काहीच नव्हते. त्या काळात परीक्षेत एक विषय राहिला आणि त्यामुळे अभ्यासक्रम एका सत्राने लांबला. एक सत्र लांबणे म्हणजे सहा महिन्यांचे भाडे, विमा आणि जेवण. ड्रेस्डेनच्या हिशेबाने जवळपास पाच हजार युरो. कमावलेले बरेचसे त्यातच गेले.

कामाची मर्यादाही नीट पाहून घ्या. मार्च २०२४पासून परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, आधी हे १२० आणि २४० होते. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांचा हिशेबही चालतो. विद्यापीठातले विद्यार्थी साहाय्यकाचे काम या दिवसांत मोजले जात नाही, म्हणून ते मिळाले तर सोडू नका. मिनीजॉबची, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतच पगार असलेल्या छोट्या कामाची, मर्यादा यंदा महिन्याला ६०३ युरो आहे आणि त्यात निवृत्तिवेतनाच्या कपातीतून अर्ज करून सूट घेता येते.

आणि दुसऱ्या वर्षाचे पैसे आत्तापासून धरायला हवेत असे मी म्हणतो, त्याचे कारण परवाना. निवास परवाना वाढवताना पुढच्या काळाचा निधी पुन्हा दाखवावा लागतो. कामाचा करार आणि पगारपत्रके पाहून समाधान मानणारे अधिकारी आहेत, पण तो निर्णय त्यांचा असतो. माझी वाढवण्याची तारीख नेमकी त्या सात आठवड्यांत आली होती. करार नव्हता, पगारपत्रक नव्हते आणि घरून तीन आठवड्यांत रक्कम उभी करावी लागली. वडिलांनी मुदत ठेव मोडली. ते मला त्यांनी तेव्हा सांगितले नाही, मी घरी गेलो तेव्हा कळले.

हिशेबनीस | १४ जानेवारी २०२६

मी बँकेच्या कर्ज विभागात तीस वर्षे काम केले आहे आणि सांगलीत असतो. वरील चर्चा युरोमध्ये चालली आहे, ती रुपयांकडे वळवणे आवश्यक वाटते, कारण हिशेब तिथेही चुकतो.

पहिली बाब विनिमय दराची. २०२५च्या सुरुवातीला युरो नव्वद रुपयांच्या आसपास होता आणि त्याच वर्षात तो शंभराच्या वर गेला. ११,९०४ युरो नव्वदच्या दराने १० लाख ७१ हजार होतात आणि १०३च्या दराने १२ लाख २६ हजार. कर्ज मंजूर होते त्या दिवशीचा दर आणि पैसे प्रत्यक्ष पाठवण्याच्या दिवसाचा दर यांत एवढे अंतर पडले की घरातल्या कोणाला तरी दीड लाखाची पदरमोड करावी लागते. कर्जाचा अर्ज करताना त्या दिवसाच्या दरावर किमान दहा टक्के वाढवून रक्कम मागावी. मंजूर रक्कम सगळी उचललीच पाहिजे असे नसते आणि व्याज उचललेल्या रकमेवरच लागते, त्यामुळे जास्तीच्या मंजुरीने नुकसान होत नाही. मंजुरीनंतर रक्कम वाढवून घेणे मात्र जिकिरीचे असते, हे मी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलेले आहे.

दुसरी बाब स्थगितीच्या काळातील व्याजाची. हप्ते अभ्यासक्रम संपल्यानंतर सहा महिने किंवा वर्षभराने सुरू होतात, यामुळे तोपर्यंत कर्जाचा काही खर्च नाही असा समज होतो. व्याज पहिल्या उचलीच्या दिवसापासून साठत असते. बारा लाखांवर दहा टक्के दराने ते महिन्याला दहा हजार रुपये होते, म्हणजे अडीच वर्षांत तीन लाख. घरच्यांना शक्य असेल तर हे व्याज दरमहा भरत राहावे. कुटुंबाच्या मासिक खर्चात हे दहा हजार पहिल्या दिवसापासून लिहावेत, ते मुलाच्या तिकडच्या भाड्याइतकेच खरे आहेत.

तिसरी बाब टीसीएसची, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते त्या कराची. एप्रिल २०२५पासून हा कर न लागता परदेशी पैसे पाठवण्याची मर्यादा एका व्यक्तीमागे एका आर्थिक वर्षात दहा लाख रुपये झाली आहे. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेचे शैक्षणिक कर्ज असेल तर त्यावर आता टीसीएस लागत नाही. स्वतःच्या पैशातून पाठवत असाल तर दहा लाखांवरच्या भागावर तो कापला जातो. हा कर बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो, पण काही महिने पैसा अडकतो आणि निघण्याच्या घाईत नेमकी तीच रक्कम हवी असते. आई आणि वडील यांनी आपापल्या खात्यातून काही भाग पाठवला तर दोघांची मर्यादा वेगवेगळी धरली जाते. पाठवण्याचे कारण अर्जात शिक्षण हेच नोंदवले आहे ना, हे स्वतः वाचून पाहावे, कारण इतर कारणांना दर बराच अधिक आहे.

गोदाकाठ | १४ जानेवारी २०२६

हिशेबनीसकाका, आपले मनापासून आभार. आम्ही कर्ज दहा लाखांचे मागणार होतो, कारण शेजारच्या मुलाचे दहा लाखांत झाले होते. ते २०२२ साल होते, हे आज लक्षात आले.

आणखी एक विचारते. सामान काय न्यावे? इथे नातेवाइकांच्या याद्या सुरू झाल्या आहेत आणि डाळ-तांदूळच वीस किलोंवर गेले आहेत.

इझारतीर | १५ जानेवारी २०२६

गोदाकाठताई, तांदूळ आणि पीठ आणू देऊ नका, विमानातल्या वजनाची ती चुकीची गुंतवणूक आहे. तांदूळ सर्वत्र मिळतो. मसूर, छोले, कोथिंबीर, कांदे आणि मोठ्या जुड्यांत पुदिना तुर्की दुकानात स्वस्त असतो. तूरडाळ आणि पोहे भारतीय दुकानात मिळतात, थोडे महाग पडतात, पण महिन्याला लागतात किती? आणायचा तो कुकर, त्याच्या दोन जास्तीच्या शिट्ट्या आणि रबरी रिंगा, गोडा मसाला, आणि तिच्या नेहमीच्या औषधांचा डॉक्टरांच्या चिठ्ठीसह साठा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे दात आणि डोळे निघण्यापूर्वी तपासून घ्यावेत. इथला सार्वजनिक विमा उत्तम आहे, पण प्रौढांच्या साध्या चष्म्याचा खर्च तो सहसा देत नाही. मी चष्म्यावर बसले तो दिवस मला दोनशे दहा युरोंना पडला. नाशिकहून दोन जोड आणले असते तर एका महिन्याचा किराणा वाचला असता.

मोकळी खोली घेणार असाल तर लक्षात ठेवा, की इथे मोकळी म्हणजे खरोखर मोकळी असते. छताला दिवा नसतो, नुसत्या दोन वायरी लोंबत असतात, आणि कित्येक घरांत ओटाही आधीचा भाडेकरू उचलून नेतो. पहिल्या वर्षी सामानासह मिळणारीच खोली पाहावी, भाडे तीस-चाळीस युरोंनी जास्त असले तरी.

ऊनसावली | १५ जानेवारी २०२६

विम्याबद्दल एक गोष्ट राहिली. मी नोकरी सोडून वयाच्या एकतिसाव्या वर्षी शिकायला आलो. सार्वजनिक विम्याचा विद्यार्थ्यांसाठीचा सवलतीचा दर तिसाव्या वर्षापर्यंतच मिळतो. त्यानंतर ऐच्छिक सदस्य म्हणून भरावा लागणारा हप्ता त्याच्या दुपटीच्या आसपास जातो. मला हे इथे आल्यावर कळले आणि माझा सगळा आराखडा त्या एका ओळीने कोलमडला. त्या हप्त्याला घाबरून पहिल्याच आठवड्यात स्वस्त खासगी विमा घेण्याचा मोह होतो. तो घेण्यापूर्वी शिक्षण चालू असेपर्यंत सार्वजनिक विम्यात परत येता येईल का, हे विद्यापीठाच्या सल्ला केंद्रात विचारावे. माझ्या वर्गातल्या एकाला ते दार बंद झाले होते.

कामावर ज्यांचा आयकर कापला गेला असेल त्यांनी विवरणपत्र अवश्य भरावे. ऐच्छिक विवरणपत्र चार वर्षांपर्यंत मागचे भरता येते. मी दोन वर्षांचे एकदम भरले आणि ६४० युरो परत आले. त्यात माझ्या हिवाळ्याच्या हीटिंगच्या थकबाकीची सोय झाली.

लातूरहून_पुढे | १६ जानेवारी २०२६

ही हीटिंगची थकबाकी म्हणजे काय? वार्ममिटमध्ये तर हीटिंग आलेले असते असे वर लिहिले आहे.

एल्बेकाठ | १६ जानेवारी २०२६

वार्ममिटमधला हीटिंगचा भाग अंदाजाने घेतलेली आगाऊ रक्कम असते. वर्ष संपल्यावर मालक प्रत्यक्ष वापराचा हिशेब पाठवतो, आणि त्यासाठी त्याला पुढचे बारा महिने मिळतात. म्हणजे या जानेवारीत जळणाऱ्या हीटिंगचे बिल पुढच्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंतही येऊ शकते. मला पहिल्या हिवाळ्याचे बिल पुढल्या नोव्हेंबरात आले, १६८ युरोंचे. मी तेव्हा ती खोली सोडूनही गेलो होतो, पत्र नव्या पत्त्यावर आले. पहिल्या हिवाळ्यात मी रात्रभर रेडिएटर पाचवर ठेवून खिडकी किंचित उघडी ठेवत असे, कारण खोली कोंदट वाटायची. माझ्या सहनिवासीने एके दिवशी हात धरून दाखवले की खिडकी पाच मिनिटे सताड उघडायची, त्या वेळी रेडिएटर शून्यावर ठेवायचा, मग खिडकी घट्ट लावून तीनवर आणायचा. दुसऱ्या वर्षी उलट ४१ युरो परत मिळाले. विद्यार्थी वसतिगृहात मात्र बहुधा ठोक भाडे असते आणि नंतरचे बिल येत नाही. म्हणूनच श्टुडेंटेनवेर्क, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहे आणि खानावळी चालवणारी संस्था, हिच्या वसतिगृहासाठी प्रवेशपत्र हाती येण्याची वाट न पाहता, त्यांचा नियम परवानगी देत असेल त्या पहिल्या दिवशी अर्ज करावा. प्रतीक्षायादी सत्रभर चालते आणि काही शहरांत त्याहून लांबते.

खोली पाहिल्याशिवाय किंवा व्हिडिओवर प्रत्यक्ष माणसासोबत फिरून दाखवल्याशिवाय कोणालाही पैसे पाठवू नका. ‘मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली टपालाने येईल’ असे पत्र आले की तिथेच थांबा. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे ९०० युरो असे गेले आणि पुढले दोन महिने आम्ही पाच जणांनी तिचे जेवण आळीपाळीने पाहिले.

जेवणाबद्दल विचारणा होतेच, म्हणून तेही लिहून टाकतो. माझे १८५ युरो आखडत्या हाताने नाहीत. आठवड्यातून चार दिवस दुपारी मेन्झात जेवतो, ताट साधारण तीन ते चार युरोंना पडते. बाकी घरी. शनिवारी संध्याकाळी आठपर्यंत बाजार करून घेतो, कारण रविवारी दुकाने बंद असतात आणि स्टेशनवरच्या दुकानात तेच दूध जवळपास दुपटीने मिळते. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्यांची अनामत २५ सेंट असते, त्या पिशवीत साठवून दुकानातल्या यंत्रात घालायच्या आणि पावती गल्ल्यावर द्यायची. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे, त्यामुळे पाण्याच्या बाटल्या घेणेच बंद केले.

हिशेबनीस | १७ जानेवारी २०२६

एल्बेकाठ, आपल्या वडिलांनी ठेव मोडल्याचे वाचले. कर्ज विभागात असताना समोरच्या खुर्चीत बसलेल्या कितीतरी पालकांना मी विचारत असे, की दुसऱ्या वर्षाची सोय काय. ‘तो तिकडे कमावेल’ हेच उत्तर बहुतेकांकडून येई, आणि अर्जात त्यासाठी रकाना नसल्यामुळे मीही पुढे जात असे. आज असे वाटते की पुढे जायला नको होते.

गोदाकाठ | २ फेब्रुवारी २०२६

या धाग्यावरून आम्ही केलेले बदल कळवते. कर्जाचा अर्ज चौदा लाखांचा केला आहे आणि त्यात दुसऱ्या वर्षाचा काही भाग धरला आहे. व्याज दरमहा आम्ही भरणार आहोत, त्यासाठी माझी पोस्टातली आवर्ती ठेव एप्रिलमध्ये संपते ती पुन्हा लावणार नाही. अडीच हजार युरो कार्डावर वेगळे असतील. मुलीने म्युनिक आणि माग्डेबुर्ग असे दोन पर्याय समोर ठेवले होते. काल रात्री तिने स्वतःच दोन्ही शहरांचे दोन-दोन हिशेब मांडले, आपण सांगितले तसे, आणि सकाळी चहाच्या वेळी कागद माझ्यासमोर ठेवला. माग्डेबुर्गच्या रकान्याखाली तिने रेघ ओढली होती. दंतवैद्यांकडे गुरुवारी जात आहोत.

एल्बेकाठ | २ फेब्रुवारी २०२६

ताई, फार बरे वाटले. माग्डेबुर्गला वसतिगृहासाठीचा अर्ज आजच पाहून घ्यायला सांगा. आणि अनामतीचे हप्ते पाडून हवेत अशी विनंती मालकाला करायची झाली तर त्याचे चार ओळींचे जर्मन पत्र मी तयार करून ठेवतो, निरोपातून पाठवीन.